नऊ दिवस न पोचलेलं बोलणं

सासूबाई सुप्याला आमच्याकडे राहायला आल्या त्याला आता चार वर्षं होतील. सासरे गेल्यावर वर्षभर त्या मिरजगावजवळच्या आमच्या गावी एकट्याच राहिल्या. मग गुडघे ऐकेनात, तेव्हा जमीन वाट्याने देऊन माझा नवरा त्यांना इकडे घेऊन आला. आम्ही दोघंही इथल्या एमआयडीसीत कामाला. तो मशीनवर, पाळ्यांमध्ये. मी दुसऱ्या एका कंपनीत तयार मालाच्या तपासणीला, कायम दिवसपाळी. मुलगी शिकायला पुण्याला. त्यामुळे दिवसाचा बराचसा वेळ दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सासूबाई एकट्या. गुडघ्यांमुळे जिना उतरणं नको वाटायचं, म्हणून त्यांचं सगळं जग म्हणजे गॅलरी. तिथे प्लास्टिकची एक खुर्ची, आणि सुप्याचा वारा. तो इतका की चिमटे न लावता टॉवेल वाळत घातला तर तो शेजारच्या बिल्डिंगीवर शोधायला जावं लागतं.

त्यांना एकच बहीण, पाच वर्षांनी धाकटी. ती दिली पुणतांब्याला, गोदावरीच्या काठाला, उसातल्या वस्तीवर. जिल्हा एकच, पण मिरजगाव या टोकाला आणि पुणतांबा त्या टोकाला. लग्नं झाल्यापासून दोघींची भेट वर्षातून एकदा, फार तर दोनदा, तीही कुणाच्या लग्नात नाहीतर कुणाच्या दहाव्याला. फोनवर बोलायचं म्हटलं तर मावशींना ऐकू कमी येतं. समोरचा जरा भरभर बोलला की त्यांना अर्धंच कळतं आणि उरलेल्या अर्ध्याला त्या "व्हय, व्हय" म्हणत राहतात. त्यात वस्तीवर रेंज नावालाच. दोन वाक्यं झाली की फोन तुटतो.

यावर तोड काढली मावशींच्या सुनेने. तिने मावशींना मोबाईलवर आवाजात निरोप पाठवायला शिकवलं, आणि मी सासूबाईंना. बटण दाबून धरायचं, बोलायचं, बोट सोडलं की निरोप गेला. रेंज येईल तेव्हा तो आपोआप पोचतो. मावशी मोबाईल चांगल्या कानाला लावून एकच निरोप तीन-तीन वेळा ऐकायच्या, कळेपर्यंत. त्यांचं उत्तर यायचं दुपारपर्यंत कधीतरी.

सासूबाईंची बोलण्याची वेळ ठरलेली होती. सकाळचा चहा झाला की त्या गॅलरीत जाऊन बसायच्या. मी ओट्यापाशी डबा भरत असायचे, तिथून सगळं ऐकू यायचं. मोबाईल अगदी ओठाजवळ धरून, डोळे मिटून बोलायच्या. एकदा मी विचारलं, "आई, डोळे का मिटता?"

"डोळं मिटलं की ती म्होरं बसल्यावानी वाटती," त्या म्हणाल्या.

सुरुवात नेहमी "ऐकलं का गं" अशी. मग कालच्या दिवसात जे काही घडलं ते सगळं. दूध नासलं, खालच्या घरात पाहुणे आले, इथल्या गिरणीच्या ज्वारीच्या पिठाला कशी विरी नाही, भाकरी थापताना तुटते. घरात माणसं बसलेली असताना सासूबाई दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत, पण त्या मोबाईलपुढे त्या पाच-पाच मिनिटं बोलायच्या. बोलून झालं की मोबाईल टीव्हीशेजारी पालथा ठेवायचा आणि दाणे निवडायला घ्यायचे.

आता माझी चूक सांगते. आमच्या कंपनीत एकीच्या वडिलांना कुणीतरी मोबाईलवरून फसवलं होतं. ती आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत रडायची. ते ऐकून मी घाबरले. घरी दिवसभर एकटी म्हातारी बाई, हातात मोबाईल, शिक्षण दुसरीपर्यंत. अक्षरं लावून वाचता येतं त्यांना, पण चष्मा लावून एकेक अक्षर जोडेपर्यंत त्या कंटाळतात. मी त्यांना समोर बसवून सांगितलं, "आई, मोबाईलने काहीही विचारलं, कसलीही चौकट आली, तर वाचत बसू नका. सगळ्यात खालचं बटण दाबायचं. ते नाहीचं असतं."

"आन चांगलं काय इचारलं तर?"

"चांगलं असलं तरी नाही. मी आल्यावर बघेन."

त्यांनी ते पक्कं डोक्यात ठेवलं. सासूबाई एकदा एखादी गोष्ट धरली की धरली.

एप्रिलच्या शेवटी त्यांच्या मोबाईलवर सारखी एक सूचना येऊ लागली, नवीन सिस्टीम आली आहे, अपडेट करा. आठ-दहा दिवस मी ती पुढे ढकलली. मग एका गुरुवारी संध्याकाळी, मोबाईल चार्जिंगला लावलेलाच होता म्हणून, हो म्हणून टाकलं. बऱ्याच वेळाने तो बंद होऊन परत चालू झाला. चित्रं जरा गोल गोल दिसायला लागली होती, एवढाच फरक मला दिसला. सकाळी मी तो त्यांच्या हातात दिला आणि कंपनीची बस पकडायला पळाले.

त्याच गुरुवारी दिवसा दोघी बहिणींत थोडं वाजलं होतं. मावशींनी कुणाच्या तरी हातून कुरडया पाठवल्या होत्या. सासूबाईंनी त्या तळून बघितल्या आणि, त्यांचा स्वभाव सरळ, निरोपात सांगून टाकलं की यंदाच्या कुरडया आंबूस लागतात. मावशींचं उत्तर मी स्वतः ऐकलं. "मंग दुकानातल्या खा आक्का. आमच्या हाताला आता चव न्हाई." सासूबाई हसल्या होत्या. "चिडली," म्हणाल्या. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

यानंतरच्या दिवसांत सासूबाई बदलत गेल्या. आधी माझ्या लक्षात आलं नाही. सकाळचं गॅलरीतलं बोलणं चालूच होतं, उलट जास्त वेळ चालायचं, आणि आवाज मोठा झाला होता, मुलाला समजावताना होतो तसा. मावशींचा निरोप आला की त्या तो ऐकायच्या आणि तोंड उतरवून बसायच्या. जेवण कमी झालं. एकदा गॅसवर दूध ठेवून तिथेच उभ्या होत्या आणि ते त्यांच्यासमोर उतू गेलं. एकदा भाजीत दोनदा मीठ पडलं.

पाच-सहा दिवसांनी मी कणीक मळत होते तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मानूस इसरायला लागलं तर त्याला काय औषिध असतं का गं?"

माझे हात थांबले. "काय विसरायला?"

"काय बी. काल बोललेलं आज ध्यानात ऱ्हात न्हाई, असं."

"असतं काहीतरी. का, आई?"

"उगंच इचारलं," म्हणून त्या आत गेल्या.

नवरा पाळीवरून आल्यावर मी त्याला हे सांगितलं. तो बूट काढत होता. म्हणाला, "आजीचं असंच झालं होतं. आईच्या आईचं. शेवटी ती आईलासुद्धा ओळखत नव्हती."

मग आम्ही दोघं त्यांच्यावर लक्ष ठेवू लागलो. म्हणजे काय, तर वेड्यासारखे प्रश्न विचारू लागलो. मी सहज बोलल्यासारखं विचारायचे, "आई, आज वार कोणता हो?"

"गुरुवार. तुला कामावर जायाचंय आन तुला ठाऊक न्हाई?"

नवऱ्याने विचारलं, आपल्या विहिरीला पाणी कोणत्या साली लागलं. त्यांनी साल सांगितलं, खोदणाऱ्याचं गाव सांगितलं, त्या दिवशी जेवायला काय केलं होतं तेही सांगितलं. आम्हाला जरा बरं वाटायचं, पण पूर्ण नाही. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनाही मी हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, घेऊन या एकदा, बघू.

मी घेऊन जायचा दिवस ठरवत होते, तोवर सासूबाईंनीच सांगितलं, "मला पुनतांब्याला ने."

"या उन्हात? पाऊस पडला की जाऊ."

"पाऊस पडंस्तवर थांबायचं न्हाई. रविवारी सुट्टी हाय ना तुला? रविवारी जाऊ."

"बरं. मी मावशींच्या सुनेला फोन करते, तब्येत वगैरे विचारते."

"काय इचारू नको," त्या एकदम म्हणाल्या. "तब्येतीचं तर अजाबात इचारू नको. नुस्तं येतो म्हन."

रविवारी नवऱ्याची पाळी होती, म्हणून आम्ही दोघीच निघालो. सुप्याहून नगर, नगरहून श्रीरामपूरची एसटी. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि मावशींसाठी गावाकडची ज्वारी, जी उचलताना माझा खांदा दुखला. गाडीत गर्दी नव्हती. खिडकीतून झळा येत होत्या म्हणून सासूबाईंनी पदर तोंडावरून घेतला होता. राहुरी मागे पडलं, दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला, तेव्हा त्या पदराच्या आतूनच म्हणाल्या, "धाकटीचं डोकं काम करंना झालंय."

मला क्षणभर कळलंच नाही कुणाबद्दल बोलतात. "मावशींचं?"

"व्हय. कुरडयांचं मी बोलले ना, तव्हापास्नं रोज एकच इचारती. आक्का, तुला राग आला का. मी सांगते, न्हाई आला. दुसऱ्या दिशी पुन्हा तेच. आक्का, मनाला लावून घेतलं का. मी पुन्हा सांगते, न्हाई गं बाई. तिसऱ्या दिशी पुन्हा. परवाला म्हनली, आक्का, तू का बोलत न्हाईस. मी रोज बोलते आन ही म्हनती बोलत न्हाईस." त्यांनी पदर बाजूला केला. डोळे भरले होते. "आईची सुरुवात अशीच झाली हुती."

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. सासूबाईंना काही झालेलं नाही, हे पहिलं मनात आलं. मग लगेच लाज वाटली, कारण शेजारी ती बाई बहिणीसाठी रडत होती.

"मग आई, मला आधीच का नाही सांगितलं?"

"तू तिच्या सुनेला इचारलं असतं. आन एकदा का घरात कळलं की म्हातारीच्या ध्यानात ऱ्हात न्हाई, मंग तिला कुनी काय इचारत न्हाई. आईचं तेच झालं. शेवटची दोन वर्सं भावाच्या घरात तिच्या म्होरंच तिच्याबद्दल बोलायचे, जशी ती तितं न्हाईच. मी आदी माज्या डोळ्यानं बघनार. मंग काय ते ठरवू."

मी दिवसभर तपासणीच्या टेबलावर बसते. हजार तुकड्यांत एक वाकडा असेल तर तो माझ्या नजरेतून सुटत नाही. पण एका माणसाने रोज उत्तर दिलं आणि दुसऱ्याला ते मिळालंच नाही, तर मध्ये कुठेतरी काही अडलं असेल, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. श्रीरामपूरला उतरून पुणतांब्याची गाडी धरेपर्यंत मीही मावशींच्या डॉक्टरचाच विचार करत होते.

फाट्यावरून रिक्षाने वस्तीवर पोचलो तेव्हा मावशी ओट्यावर सावलीत लसूण सोलत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्या उठल्या नाहीत. सुपातला लसूण खाली-वर करत म्हणाल्या, "आली का आठवन."

सुनेने पाणी दिलं, ते सासूबाई प्यायल्या, आणि मावशींच्या शेजारी बसून त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. आजारी माणसाकडे बघतो तसं.

"आज वार कोन्चा गं?" त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं. मावशींना ऐकू गेलं नाही. त्यांनी मोठ्याने विचारलं.

"रविवार. का?"

"आपल्या इहिरीवर काय हुतं, जांभूळ का आंबा?"

"जांभूळ. आंबा बांधावर. तुला आठवत न्हाई व्हय?"

"आठवतंय. माज्या लग्नात तू काय घातलं हुतं?"

"तुजाच जुना परकर. शेवग्याच्या काट्यानं फाटलेला."

"शेवग्याला काटं नसतात."

"मंग बाभळीच्या. फाटका हुता एवढं ठाऊक हाय. नवा तू टिरंकेत घालून नेला."

आत सून हसली. मावशींनी सूप बाजूला ठेवलं. "काय चाललंय आक्का तुजं? नऊ दिवस तोंड शिवून बसली, आन आता येऊन शाळा घेती माजी?"

"मी तोंड शिवलं? रोज बोलते तुज्याशी."

"कव्हा?"

"रोज सकाळी. काल बी बोलले. लई येळ बोलले."

मावशींचा चेहरा बदलला. राग एकदम उतरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यावरून मला कळलं की आता त्यांना आपल्या बहिणीबद्दल तीच शंका आली आहे जी बहिणीला त्यांच्याबद्दल होती. त्या सरकून जवळ आल्या, सासूबाईंच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं, बरं. बोलली असशील."

"तूच इसरली असशील," सासूबाई तितक्याच मायेने म्हणाल्या. "असू दे. व्हतं असं."

दोघी एकमेकींचे हात धरून, एकमेकींची कीव करत बसल्या होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "मावशी, तुमचा मोबाईल द्या बरं जरा."

सुनेने तो कपाटातून आणून दिला, रुमालात गुंडाळलेला. मी उघडून बघितला. मावशींचे निरोप एकाखाली एक, रोजचे, सगळे एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला सासूबाईंचा शेवटचा निरोप कुरडयांचा. त्यानंतर काहीच नाही.

मग सासूबाईंच्या पिशवीतून त्यांचा मोबाईल काढला आणि बोलायचं बटण दाबून धरलं. लगेच एक चौकट आली. मायक्रोफोन वापरायची परवानगी या अ‍ॅपला नाही, ती द्यायची असेल तर सेटिंगमध्ये जा. नाहीतर, आता नको.

"आई, मी अपडेट केलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मोबाईलने काही विचारलं होतं का?"

"इचारलं हुतं की. बोलाया गेले तर चौकट आली. तू सांगितलं तसं खालचं दाबलं. पुन्हा आली, पुन्हा खालचं दाबलं. मंग न्हाई आली."

आली होती. रोज येत होती. पण तोवर त्यांनी मोबाईल ओठाजवळ नेलेला असायचा आणि डोळे मिटलेले असायचे.

मी दोघींना सांगितलं, मावशींना ऐकू जावं म्हणून जरा ओरडूनच. अपडेट झाल्यावर मोबाईल आधी दिलेल्या परवानग्या विसरला. तुमचा आवाज ऐकू का, असं त्याने पुन्हा विचारलं. आणि आईंनी नाही म्हटलं, कारण नाही म्हणायला मीच शिकवलं होतं. त्यात ना मावशींची चूक, ना आईंची. "माझ्यामुळे झालं हे," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी नऊ दिवस मी कुनाशी बोलत हुते?"

"कुणाशीच नाही, आई."

मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. पण आधी मावशी हसायला लागल्या, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. त्यांच्याकडे बघून सासूबाईही. हसता हसता मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. "मला वाटलं," त्या पदराआडून म्हणाल्या, "आक्का आता बोलनारच न्हाई माज्याशी. एवढ्याशा कुरडयांवरनं."

"येडी हाईस तू," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं तुजं आईवानी झालं."

"मला बी आत्ता तुजं तसंच वाटलं."

परवानगी द्यायला मला एक मिनिटही लागलं नाही. अ‍ॅपच्या नावावर जायचं, मायक्रोफोन, आणि हो. नीट झालं की नाही बघायला मी सासूबाईंना बोलायला सांगितलं. त्या बहिणीच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, तरी डोळे मिटून म्हणाल्या, "ऐकलं का गं. मी आले बरं का तुज्याकडं." निरोप निघाला, पण मावशींच्या मोबाईलला रेंज नव्हती. आम्ही चौघी त्या मोबाईलकडे बघत बसलो. चहा होऊन कपबश्या धुवून झाल्या, मग टिंग वाजलं. मावशींनी तो चांगल्या कानाला लावला आणि तीन वेळा ऐकला.

दुपारी जेवणं झाल्यावर मावशी म्हणाल्या, "आता नऊ दिवसांत काय काय बोलली ते सगळं पयल्यापास्नं सांग." दोघी आतल्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडून आडव्या झाल्या. मी बाहेर ओट्यावर, भिंतीला टेकून. झोप येत होती आणि येतही नव्हती. मावशींसाठी सासूबाईंना मोठ्याने बोलावं लागत होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. त्यांनी खरंच एकेक दिवस आठवून सांगितला. शुक्रवारी काय म्हणाल्या, शनिवारी काय. मध्येच मावशी विचारत, "आन कुरडयांचं?" "ते तर रोजच सांगत हुते." खालच्या घरातल्या पाहुण्यांचं झालं, नातीच्या परीक्षेचं झालं. मग आवाज जरा खाली आला, पण तेवढा नाही.

"बुधवारी हिचं बोलले," सासूबाई म्हणाल्या. हिचं म्हणजे माझं. "हिची आई गेली दिवाळीच्या पाठीमागं. तव्हापास्नं ही गप झाली. कामं सगळी करती, कुनाला उलटून बोलत न्हाई, पन बोलत बी न्हाई. मला तू हाईस. हिला बहीन न्हाई. हिनं कुनाला सांगायचं?"

"तू इचार की."

"लई डाव वाटलं इचारावं. पन सासू इचारती म्हनल्यावर ती म्हननार, काय न्हाई आई, बरं हाय. पोरीला तोंडावर हसू आनावं लागंल उगं. म्हनून इचारत न्हाई."

मी तशीच भिंतीला टेकून राहिले. समोर बांधावर एक गाय बांधलेली होती, ती शेपटीने माश्या हाकत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. आत जावं असं वाटलं आणि गेले नाही. सासूबाईंनी म्हटलं होतं ते खरंच होतं. त्यांनी विचारलं असतं तर मी तेच उत्तर दिलं असतं.

सासूबाईंना आठ दिवसांसाठी तिथेच ठेवून मी उन्हं कलल्यावर एकटीच परत निघाले, कारण सोमवारी कामावर जायचं होतं. निघताना पाया पडले तेव्हा त्यांनी पाठीवरून हात फिरवला. ऐकल्याचं मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटली. आम्ही मोबाईल गेटवरच्या कपाटात ठेवून आत जातो. तो काढून घेतला तर त्यावर सासूबाईंचा आवाजातला निरोप होता. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी असा निरोप पाठवला नव्हता. घरात तर समोरासमोर असायचो. बसमध्ये सगळ्या बायका बोलत होत्या, म्हणून मी घरी येऊन, हातपाय धुवून मग तो ऐकला.

"ऐकलं का गं. मी बोलते. काल तू ओट्यावर जागीच हुतीस, मला ठाऊक हाय. निजलीस की तुला घोरायची सवय हाय, काल आवाज न्हवता." थोडा वेळ नुसता वारा, उसातून येतो तसा. मग, "मी हितं हाय तवर तुला बोलायचं असंल तर बोल. तोंड दिसत न्हाई, सोपं जाईल. न्हाई बोलली तरी चालंल."

मी खुर्ची ओढून बसले. बटण दाबलं आणि सोडलं. पुन्हा दाबलं. मग मी सासूबाईंना ती गोष्ट सांगितली, जी मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. माझ्या आईने जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मला फोन केला होता. मोबाईल कपाटात होता. संध्याकाळी मी तिचा फोन येऊन गेलेला बघितला, पण पाय इतके दुखत होते की म्हटलं उद्या करू. सकाळी भावाचा फोन आला. ती काय सांगणार होती ते मला आता कधीच कळणार नाही. एवढं मी बोलले, थांबत थांबत, आणि बोट सोडलं.

उत्तर लवकर आलं नाही. वस्तीवर रेंज नसणार, असं स्वतःला समजावत मी भात लावला. शिट्ट्या होऊन गेल्यावर टिंग वाजलं.

"ऐकलं. दोनदा ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "तुज्या आईनं काय म्हनायचं हुतं म्हनती? काय न्हाई. जेवली का, एवढंच म्हनायचं असतं. आमी आयांना दुसरं काय सुचतंय. लेक कामावर हाय हे तिला ठाऊक हुतं. तिनं मनात काय धरलं न्हाई. मी सांगते ते खरं मान." मग घसा खाकरून, नेहमीच्या आवाजात, "आन ऐक, मी सोमवारी येते. धाकटीला बी आनते चार दिवस. नको नको म्हनतीय, पन आनते. अंथरुनं काढून ठेव, लई दिवस ऊन दाखवलं न्हाई."

मी तो निरोप पुन्हा ऐकला, भाताचा गॅस बंद केला आणि थोडा वेळ रडले. रडून झाल्यावर बरं वाटलं. नवरा आल्यावर त्यालाही सगळं सांगितलं. तो माझ्या शेजारी बसून राहिला, आणि ताटं त्यानेच घेतली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती, तरी सकाळी लवकर उठून आम्ही दोघांनी माळ्यावरच्या गाद्या काढल्या, गॅलरीच्या कठड्यावर टाकल्या, वाऱ्याने जाऊ नयेत म्हणून दोरीने बांधल्या, आणि मग आपापल्या कामावर गेलो.